मोराचा डोळा गिरणीच्या खिडकीत

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला वाटेल, ही तर फुटक्या फरशीची कपची. तुमचं चुकणार नाही. मी फरशीचाच एक निळा तुकडा आहे, तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. भोकरदनमधल्या एका घराच्या ओसरीत जमिनीवर एक मोर आहे, त्याचा मी डोळा आहे. डोळा असलो तरी मला दिसतं ते थोडंच. आलेगेले तळवे, वाटी, खुळखुळा आणि वरचं छत. पण ओसरीत लोक बसतात आणि बोलतात. ऐकायला मला कमी पडत नाही.

माझा जन्म गुजरातेतला, मोरबीकडचा. मातीची पोळी दाबून चौकोन केला, त्यावर निळा रस ओतला आणि भट्टीत भाजलं. तेव्हा मी तुकडा नव्हतो. अख्खी, वर्गातल्या पाटीएवढी फरशी होतो आणि एखाद्या मोठ्या न्हाणीघराच्या भिंतीवर बसणार होतो. ट्रक कुठंतरी आपटला आणि आमची पेटी फुटली. जालन्याच्या दुकानदारानं अख्ख्या फरश्या एका बाजूला रचल्या, फुटक्या पोत्यात भरल्या. त्या पोत्याबरोबर मी भोकरदनला आलो.

तिथं गिरधारीलाल यांचं कापडाचं दुकान. दुकानामागं त्यांनी नवं घर बांधायला घेतलं होतं. ओसरीत फुटक्या फरशीची नक्षी करायची ठरली. रामकिसन गवंड्यानं विचारलं, "शेठ, मधी कमळ काढू का कलश?"

"दोन्ही नको," गिरधारीलाल म्हणाले. "देवाधर्माचं पायाखाली येतं. मोर काढ. मोरावर पाय पडला तर तो काय रागावत न्हाई."

रामकिसननं हातोडीनं आमचे तुकडे केले. हिरव्याची मान झाली, पांढऱ्याचं पोट झालं. डोळ्यासाठी त्यानं बरेच निळे तुकडे फेकून दिले आणि मला उचललं. शेवटचा ठोका जरा जोरात बसला, तेव्हा माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. तो तिळाएवढा पांढरा डाग अजून आहे. पुढं तोच डाग कामी आला, म्हणून सांगून ठेवतो.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढताना खाली वाकायचा. "मोर भारी केलाय हो," म्हणायचा. मग मोराची सवय झाली. ओसरीत सतरंजी आली, सायकल आली, सणासुदीला सोड्याच्या पाण्यानं घासणं आलं. माझ्याभोवतीचं सिमेंट दरवर्षी थोडं झिजत गेलं. याचं मला वाईट वाटलं असं नाही. जे पायाखाली असतं ते झिजतंच.

मग एकता आली. गिरधारीलाल आणि संतोषबाई यांच्या मुलाची, जिनेंद्रची बायको. ती जालन्याची, इतिहास घेऊन बी. ए. झालेली. या घरात मोराकडे नीट बघणारं पुन्हा एक माणूस आलं. आधी हौसेनं, आणि हर्ष झाल्यावर धास्तीनं.

हर्ष रांगायला लागला तसं एकतानं घर त्याच्या उंचीवरून बघायला सुरुवात केली. रोज सकाळी ती ओसरीत गुडघ्यावर बसायची आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून चौफेर नजर फिरवायची. टाचण्या, गुंड्या, शेंगदाणे, घड्याळातला चपटा सेल, जे सापडेल ते उचलायची. शेजारची वंदना तिला म्हणायची, "एकता, तुझ्या ओसरीत मुंगी बी परवानगी काढून येत असंल." एकता हसायची, पण उचलणं थांबवायची नाही. तिच्या माहेरी एका पोराच्या घशात शेंगदाणा अडकला होता. ते पोर वाचलं, पण त्याचा काळानिळा पडलेला चेहरा तिनं पाहिला होता. ज्यांनी तसं पाहिलेलं नसतं त्यांना अशी माणसं वेडी वाटतात.

हर्षला मी आवडायचो. तो बरोबर माझ्यापाशी येऊन बसायचा आणि बोटानं मला टोकरायचा. मी हलायचो. एकतानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं.

"अहो, मोराचा डोळा निघायला आलाय. जरा पांढरं सिमेंट लावा."

"रविवारी बसवून टाकतो," जिनेंद्र म्हणाला.

"मागचा रविवार पण रविवारच होता."

"मागच्या रविवारी बदनापूरला गेल्तो न्हाई का मी? या रविवारी बिलकुल."

मित्रांनो, आता एक कवडी या गोष्टीत येते. तिची ओळख करून देतो.

संतोषबाई चौमासा पाळतात. पावसाळ्याच्या महिन्यांत त्यांच्या घरी शिळा आटा चालत नाही, म्हणून दर चार दिवसांनी गव्हाचा डबा मिथुनच्या गिरणीवर जातो. गिरणीवर नंबर लावायची पद्धत अशी, की प्रत्येक घर डब्याच्या झाकणावर आपली खूण ठेवतं. मिथुन त्या खुणा उचलून खिडकीत ओळीनं मांडतो. ज्याची खूण पुढं, त्याचं दळण आधी. कोणाची शर्टाची गुंडी, कोणाचं बाटलीचं झाकण. संतोषबाईंची कवडी. कवडी दिसली की मिथुन आधी गिरणी झाडून घेतो. दुसऱ्याचं पीठ त्यांच्या आट्यात मिसळायला नको, म्हणून.

एके दिवशी एकतानं हर्षला त्या डब्याशी खेळताना पाहिलं. कवडी त्याच्या मुठीत होती. तिनं ती काढून घेतली आणि कपाटावर, अगदी मागं, भिंतीला लावून ठेवली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंच नाही. दिवसभरात ती अशा किती वस्तू उचलायची.

चौदसच्या दिवशी संतोषबाईंचा पौषध होता. पौषध म्हणजे एक दिवस साध्वीसारखं राहायचं. सूर्योदयाच्या आत स्थानकात, म्हणजे जैनांच्या उपासनागृहात, जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळीच परतायचं. मधे घर नाही, फोन नाही, आणि संतोषबाई तर मौनही धरतात. त्या दिवशी दळणाची पाळी होती. निघण्याआधी त्यांनी डबा भरला आणि कवडी शोधली. डब्यात नाही, फडताळात नाही. बाहेर उजाडायला लागलं होतं. एकताला विचारावं, तर हर्षला दात येत होते, रात्रभर तो रडला होता आणि एकताचा आत्ता कुठं डोळा लागला होता. तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या ओसरीत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि चमच्याच्या दांड्यानं मला सहज उचकटलं.

"हलूनच राह्यलाय," त्या स्वतःशी म्हणाल्या. "लेकराच्या हाती लागण्यापेक्षा बरा."

मला त्यांनी झाकणावर ठेवलं, वरून फडकं बांधलं आणि त्या स्थानकात गेल्या. थोड्या वेळानं गिरधारीलाल उठले, डबा स्कूटरवर ठेवला, गिरणीवर टेकवला आणि परस्पर दुकानात गेले. फडक्याखाली काय आहे हे त्यांनी आजवर कधीच पाहिलेलं नाही.

पुढचं बरंचसं मी पाहिलेलं नाही. पण ओसरीत ते इतक्यांदा सांगितलं गेलंय, की मला पाहिल्यासारखंच आहे.

एकता उठली, हर्षला ओसरीत बसवलं आणि दूध उतरवायला आत गेली. दूध उतरवून, गॅस बंद करून ती परत आली तेव्हा हर्ष मोरापाशी बसला होता. त्याचं एक बोट मोराच्या डोळ्याच्या खळग्यात होतं. ओठांवर वाळू होती. त्याला ठसका लागला होता.

एकता ओरडली नाही. तिनं त्याला उपडं मांडीवर घेतलं, पाठ थोपटली, तोंडात बोट फिरवलं. वाळूच आली, तुकडा आला नाही. मग ती गुडघ्यावर बसली आणि गाल जमिनीला लावला. सतरंजी उचलली, सायकल सरकवली, उंबऱ्याच्या फटीत काडी घातली. रोज जी नजर सगळं शोधायची तिला त्या दिवशी काही सापडलं नाही. सापडणार कसं? मी त्या वेळी गिरणीच्या खिडकीत, एका गुंडीच्या मागं उभा होतो.

जिनेंद्र माल आणायला जालन्याला गेला होता. एकतानं सासऱ्यांना फोन केला. ते दुकान अर्धं उघडं टाकून आले, आणि त्यांनी खळग्याकडे पाहिलं.

"अगं, काल रात्री तर होता," ते म्हणाले. सकाळी त्यांनी स्वतःच मला नेलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गावातल्या डॉक्टरबाईंनी हर्षची छाती तपासली. "श्वास बरोबर आहे. पोटात गेला असेल तर बहुतेक आपोआप पडेल. पण कडा धारदार आहेत म्हणता ना?"

"फोडलेली फरशी आहे," एकता म्हणाली. "एका कोपऱ्याला टवका आहे."

"मग एक्स-रे काढलेला बरा. इथलं मशीन बंद पडलंय. जालन्याला जा. आणि तोवर त्याला खायला काही देऊ नका."

वंदनाच्या नवऱ्याची, हरिओमची गाडी होती. तो लगेच तयार झाला. गाडी स्थानकासमोरून जाताना एकता म्हणाली, "पप्पाजी, मम्मींना सांगून येते."

"नको," गिरधारीलाल म्हणाले. "तिचं व्रत मोडेल. ऐकलं की मौन सोडून धावत येईल. उद्या सांगू."

हरिओमनं गाडी थांबवली नाही. आत, भिंतीपलीकडे, संतोषबाई माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नुसता हात करून गिरणीची दिशा दाखवली असती तरी पुरलं असतं. पण गाडी पुढं गेली.

राजूरपर्यंत हर्ष भुकेनं रडला, मग रडून दमला. तो गप्प झाला तेव्हा एकता जास्त घाबरली. ती त्याच्या नाकाशी बोट धरून बसली. हरिओम आरशातून बघत होता. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "वहिनी, आमच्या आकांक्षानं बी लहानपणी गुंडी गिळल्ती. काही झालं न्हाई."

"गुंडी गोल असते, भाऊजी," एकता म्हणाली.



राजूर मागं पडलं तसा गिरधारीलालांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या फोनवरचं सगळं सगळ्यांना ऐकू येतं.

"शेठ, मिथुन बोलून राह्यलो. तुमचं दळण झालं. जल्दी घेऊन जा, इथं ठेवायला जागा न्हाई."

"मिथुन, नंतर. आम्ही गडबडीत आहोत."

"असू द्या, असू द्या. पण आज खूण लय भारी पाठवली बघा. कवडी रिटायर केली का?"

गिरधारीलालांनी फोन ठेवून दिला.

एकता खिडकीबाहेर बघत होती. कवडी हा शब्द तिच्या कानात अडकला. कवडी कपाटावर होती. तिनं स्वतःच ठेवली होती. मग आज झाकणावर काय गेलं?

"पप्पाजी, त्याला परत लावा."

"कोणाला?"

"मिथुनला. खूण कशी आहे विचारा."

गिरधारीलालांना काही कळेना, पण त्यांनी फोन लावला. एकतानं तो त्यांच्या हातातून घेतला. "मिथुनभाऊ, मी एकता. आमच्या डब्यावर काय होतं?"

"वहिनी? फरशीचा तुकडा होता की. निळा. चकाकून राह्यलाय."

"त्याच्या कोपऱ्याला पांढरा डाग आहे का?"

"थांबा, पीठ पुसतो." पलीकडे गिरणीचा पट्टा फटफटत होता. "ते पीठ हाय का डाग हाय, कळून न्हाई राह्यलं."

"फोटो पाठवा. आत्ता."

हरिओमनं गाडी एका लिंबाखाली घेतली. मिथुननं मला बाहीला घासलं, अंगठा आणि बोट यांच्यात धरलं आणि माझा फोटो काढला. आयुष्यातला माझा तो एकमेव फोटो. एकताच्या फोनवर तो आला, पण उघडेना. तिथं रेंज नव्हती. नुसता धूसर निळा चौकोन आणि मधे फिरणारं चक्र. एकता गाडीतून उतरली, हर्षला कडेवर घेतलं आणि फोन डोक्याच्या वर धरून रस्त्याच्या कडेनं चालत राहिली. एक मोटारसायकलवाला थांबून विचारू लागला, "ताई, काय झालं?" ती फोनकडेच बघत पुढं गेली.

फोटो उघडला. पिठानं माखलेला अंगठा, मधे मी, आणि कोपऱ्यात तिळाएवढा पांढरा डाग.

तिनं बोटांनी तो डाग मोठा करून पाहिला. मग फोन खाली आला.

"मंग जालना?" हरिओमनं विचारलं.

"आधी हातात बघते," एकता म्हणाली. "फोटोवर नाही."

गाडी वळली. गिरधारीलालांनी जिनेंद्रला, डॉक्टरबाईंना फोन केले. एकतानं हर्षला मात्र अजून काही खाऊ घातलं नाही.

मिथुननं आमची खिडकी कधी झाडलेली नाही. तिथं त्या दिवशी माझ्या शेजारी सोनूबाईंची खूण होती. सोनूबाई केळना नदीच्या काठच्या शेतात राहतात. त्यांची खूण म्हणजे भाजक्या मातीची एक चपटी गोल चकती, मधे भोक असलेली, नांगरताना निघालेली. ती किती जुनी कोणास ठाऊक. भोकरदनला पाया खणताना अशी मणी-खापरं निघत असतात, त्याचं कोणाला फारसं अप्रूप नाही. मी तिच्या मानानं कालचाच. पण आम्ही दोघं एकाच कामाला उभे होतो.

एकता आत आली, मला उचललं, उजेडात धरलं. डागावर नख फिरवलं. मग तिथल्याच एका रिकाम्या पोत्यावर बसली आणि पिशवीतलं केळं सोलून हर्षला भरवू लागली. आणि एकदम ती खूप बोलायला लागली, विचारलं नसताना.

"मिथुनभाऊ, आम्हाला कॉलेजात होतं हे. तिकडं रोमात असेच तुकडे जोडून जमिनीवर चित्रं करायचे. मासे, पक्षी, कुत्रे. आणि असल्याच छोट्या तुकड्यांवर खूण करून लोकांना द्यायचे. तो दाखवला की नाटकाला बसायला मिळायचं. धान्य पण मिळायचं, बरं का. धान्याच्या रांगेत तोच तुकडा."

मिथुन पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ऐकत होता. "म्हणजे तिकडं बी नंबरवरून भांडणं होत असतील, वहिनी."

"होत असणार," एकता म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हर्षनं केळ्याचा हात तिच्या गालाला लावला.

गिरधारीलाल दारात डबा धरून उभे होते. "पण हा झाकणावर ठेवला कोणी?" त्यांनी विचारलं. डबा भरला होता संतोषबाईंनी, तेव्हा उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

घरी आल्यावर एकतानं मला खळग्यात बसवून पाहिलं. मी बरोबर बसलो. तेव्हा तिला आत्तापर्यंत न आलेला राग आला. दिवसभर ती मनात वाक्यं जुळवत होती. मम्मी, एक शब्द सांगितला असता तर. मम्मी, माझ्या लेकराला तुम्ही दिवसभर उपाशी. मम्मी, मी ओसरीत काही पडू देत नाही आणि तुम्ही. ही वाक्यं ती मला पुसताना पुटपुटत होती, म्हणून मला माहीत. कपाटाकडे मात्र तिनं संध्याकाळपर्यंत पाहिलं नाही.

संध्याकाळी तिनं स्टूल घेतलं. कवडी काढली. ती पुसली आणि मुठीत धरूनच स्टुलावरून उतरली, असं जिनेंद्र सांगतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर संतोषबाई परत आल्या. पांढरी साडी, डोळे उपासानं खोल गेलेले. घडलेलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. पौषधाहून आलं की घरातल्या प्रत्येकाची क्षमा मागायची, हा त्यांचा नेहमीचा रिवाज. नवऱ्यापासून वंदनापर्यंत, जो भेटेल त्याची. ओसरीत पहिली भेटली ती एकता. तिच्या मुठीत कवडी होती आणि तोंडात ती सगळी वाक्यं.

संतोषबाईंनी चप्पल काढली, हात जोडले आणि सुनेपुढं वाकल्या. "खमतखामणा, बेटा. माझ्याकडून काही चुकलं असेल, कळत, नकळत."

एकताची वाक्यं कुठं गेली मला सांगता येणार नाही. तिनं मूठ उघडली.

"अगं, हीच तर मी काल शोधत होते," संतोषबाई म्हणाल्या. "कुठं होती?"

"कपाटावर. मी ठेवली होती. हर्षच्या हाताला लागू नये म्हणून." एकतानं पण हात जोडले. "खमतखामणा, मम्मी. आता बसा, पाणी घ्या. मग सांगते काल काय झालं ते."

तिनं सांगितलं. संतोषबाई ऐकता ऐकता खाली बसल्या, हर्षला ओढून पोटाशी घेतलं, आणि त्यांचं पारणं त्या दिवशी उशिरा झालं.

रविवारी म्हाताऱ्या रामकिसनला बोलावलं. जिनेंद्रवर भरवसा ठेवायचा नाही, असं सासूसुनेनं एकमतानं ठरवलं होतं. रामकिसननं खळगा खरवडून मला आधीपेक्षा खोल आणि सपाट बसवलं. कवडी एकतानं डब्याच्या झाकणावर कायमची चिकटवून टाकली. मिथुन कुरकुरला, "मंग मी खिडकीत काय मांडू, वहिनी?" आता तो अख्खं झाकणच खिडकीत उभं करतो.

मित्रांनो, माझं सगळं सांगून झालं. मी फुटलो, जोडला गेलो, झिजलो, निखळलो, एका दिवसासाठी नंबरही लावला. तुमच्या घरी रांगतं मूल असेल तर एकदा त्याच्या उंचीला बसून जमीन बघा, जे हलतं ते पक्कं करा आणि रविवारची वाट बघू नका. पण त्या घरात त्या दिवशी काळजीची उणीव नव्हती. सून उचलून ठेवत होती, सासू झोपमोड टाळत होती, सासरे व्रत जपत होते. प्रत्येकानं दुसऱ्याला जपलं आणि त्यासाठी प्रत्येक जण गप्प बसला. तेव्हा एखादी वस्तू जपून ठेवलीत, तर कुठं ठेवली तेवढं घरात कोणाला तरी सांगा.

हर्ष आता उभा राहतो. तरी सकाळी येऊन मला टोकरतोच. मी हलत नाही. तो गेला की एकता येते आणि अंगठ्यानं मला दाबून बघते. मग संतोषबाई येतात, त्या पण दाबून बघतात. मी पक्का बसलोय हे दोघींना ठाऊक आहे. आणि दाबून झालं की, दुसरी आत असो वा बाहेर, पहिली तिला सांगते, "बघितला. आहे जागेवर."